रेक्सची अक्षरे, असेम्ब्लरचे आकडे



आयबीएमच्या मेनफ्रेमवर रेक्स भाषेतला एक प्रोग्रॅम चालू आहे. त्याच्या मदतीला असेम्ब्लरमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम आहे. हा असेम्ब्लर प्रोग्रॅम रेक्सकडून ‘बॅलन्स’ नावाच्या व्हेरिएबलची किंमत मागून घेतो, तिचा आकडा करतो आणि पुढच्या हिशेबाला लागतो. आकडा येतो २१,३१,५३५. प्रोग्रॅम कोसळत नाही, पडद्यावर तक्रार उमटत नाही, अहवाल वेळेवर छापून होतो. आणि त्या व्हेरिएबलमध्ये मुळात कोणी काही भरलेलेच नसते.

हा आकडा योगायोगाने आलेला नाही. न भरलेल्या ‘बॅलन्स’ला या पद्धतीने वाचले, तर कोणत्याही मेनफ्रेमवर, कोणत्याही दिवशी एकवीस लाख एकतीस हजार पाचशे पस्तीसच येतील. कारण रेक्सचा नियम असा आहे की ज्या व्हेरिएबलला अजून किंमत दिलेली नाही, त्याचे स्वतःचे नाव, मोठ्या रोमन अक्षरांत, हीच त्याची किंमत. म्हणजे असेम्ब्लरच्या हातात पडली ती सात अक्षरे: बी, ए, एल, ए, एन, सी, ई. मेनफ्रेमवर अक्षरे एब्सिडिक या संकेतात साठवतात. त्यात ‘बी’ म्हणजे सी-२ हा बाइट, ‘ए’ म्हणजे सी-१, ‘एल’ म्हणजे डी-३. असेम्ब्लरची ‘पॅक’ ही आज्ञा प्रत्येक बाइटचा उजवा अर्धा भाग उचलते आणि डावा सोडून देते. उरतात २, १, ३, १, ५, ३, ५. शेवटच्या बाइटचा डावा भाग मात्र ती चिन्ह म्हणून ठेवते. ‘ई’चा डावा भाग ‘सी’ आहे, आणि ‘सी’ म्हणजे अधिक. इतका सुबक आकडा यंत्राने का नाकारावा? त्याच न्यायाने न भरलेल्या ‘टोटल’चे उणे ३६,३१३ होतात, कारण शेवटच्या ‘एल’चा डावा भाग ‘डी’, म्हणजे वजा.

आजच्या विषयाचे महत्त्व या दोन आकड्यांत आहे. आज्ञाभाषेतली व्हेरिएबल्स असेम्ब्लर प्रोग्रॅमने वाचायची कशी, लिहायची कशी, आणि त्या व्यवहारात मॅक्रोचे काम काय, हा तो विषय. वरवर पाहता तो चार तज्ज्ञांपुरता वाटतो. पण बँका आणि विमा कंपन्यांची रात्रीची कामे आजही ज्या यंत्रांवर चालतात, तिथे या सीमारेषेवर रोज देवाणघेवाण होते. ती सुरक्षित ठेवण्याचे शहाणपण पुस्तकांपेक्षा माणसांच्या लिहिलेल्या मॅक्रोंत जास्त साठलेले आहे.

मुळात असेम्ब्लरला दुसऱ्याच्या व्हेरिएबलमध्ये हात घालायची गरज का पडते? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आयबीएमने सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केली. तेव्हा काम देण्याची रीत म्हणजे पंच कार्डांचा गठ्ठा. १९७१ मध्ये टाइम शेअरिंग ऑप्शन, म्हणजे टीएसओ, आले आणि माणूस टर्मिनलवर बसून थेट आज्ञा देऊ लागला. त्याच त्याच आज्ञा रोज टंकण्यापेक्षा त्या एका फाईलमध्ये लिहून ठेवाव्यात, मध्ये अटी घालाव्यात, नावे बदलती ठेवावीत, यासाठी सी-लिस्ट ही आज्ञाभाषा तिथे होती. सी-लिस्टने अनेकांचे काम चालवले, पण ती लिहायला किचकट होती.

मग रेक्स आली. इंग्लंडमधील हर्स्ले इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक काउलिशॉ यांनी १९७९च्या मार्चमध्ये तिची रचना सुरू केली. आयबीएमच्या अंतर्गत जाळ्यावरून ती देशोदेशीच्या सहकाऱ्यांकडे गेली, त्यांच्या सूचना परत आल्या आणि भाषा घडत गेली. १९८१ मध्ये ह्यूस्टनला ‘शेअर’ या वापरकर्त्यांच्या संघटनेच्या अधिवेशनात ती बाहेरच्या लोकांनी प्रथम पाहिली. १९८३ मध्ये ती व्हीएम प्रणालीबरोबर ग्राहकांना मिळाली आणि १९८८ मध्ये टीएसओच्या नव्या आवृत्तीत दाखल झाली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: माणसाला सोपी जावी म्हणून घडवलेल्या या भाषेचा पहिला इंटरप्रिटर असेम्ब्लरमध्येच लिहिलेला होता.

रेक्समध्ये प्रत्येक किंमत ही अक्षरमाला असते. पूर्णांक, अपूर्णांक, मजकूर असे वेगळे प्रकार जाहीर करावे लागत नाहीत. ‘००४२’ आणि ‘४२’ यांची साधी तुलना केली तर रेक्स त्यांना समान मानते, काटेकोर तुलनेचे दुहेरी चिन्ह वापरले तर भिन्न मानते. हिशेब दशमान पद्धतीने होतो, माणूस कागदावर करतो तसा. काउलिशॉ पुढे दशमान अंकगणिताचे जगभर मान्य झालेले जाणकार ठरले आणि २००८च्या आंतरराष्ट्रीय अंकगणित मानकात दशमान पद्धतीला जागा मिळाली, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

असेम्ब्लरचा स्वभाव याच्या अगदी उलट. तिथे किंमत नसते, जागा असते. ही जागा किती बाइटची, तिच्यातल्या बिटांचा अर्थ काय, हे प्रोग्रॅमरने ठरवायचे. एकच चार बाइट पूर्णांक असू शकतात, चार अक्षरे असू शकतात किंवा दुसऱ्या जागेचा पत्ता असू शकतात. यंत्र विचारत नाही.

रेक्समधून असेम्ब्लरमध्ये लिहिलेले फंक्शन बोलावता येते, पण फंक्शन उत्तर म्हणून एकच अक्षरमाला परत देते. खरी कामे एका उत्तरात मावत नाहीत. टीएसओमधलेच उदाहरण घ्या. ‘लिस्ट-डीएसआय’ हे फंक्शन एखाद्या डेटासेटची माहिती काढते आणि त्याची रचना, रेकॉर्डचा प्रकार, रेकॉर्डची लांबी हे सगळे बोलावणाऱ्या रेक्स प्रोग्रॅमच्या व्हेरिएबल्समध्ये भरून ठेवते. ‘एक्झेक-आयओ’ फाईल वाचते, प्रत्येक ओळ क्रमांकित व्हेरिएबलमध्ये टाकते आणि शून्य क्रमांकात एकूण ओळींची संख्या लिहिते. आपला असेम्ब्लर प्रोग्रॅमही इतका सोयीचा करायचा असेल, तर त्याला रेक्सच्या व्हेरिएबल-कोठारात जाण्याचा परवाना हवा.

युनिक्सवर वाढलेल्या वाचकाला हे नवल वाटेल. १९७९च्या सातव्या आवृत्तीपासून युनिक्समध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स आहेत, पण तिथे बोलावलेल्या प्रोग्रॅमला बोलावणाऱ्याच्या व्हेरिएबल्सची फक्त प्रत मिळते. मूळ व्हेरिएबल बदलण्याचा त्याला मार्ग नाही. तो काहीतरी छापतो आणि शेल ते पकडून घेते. मेनफ्रेमवर रेक्स इंटरप्रिटर आणि त्याने बोलावलेला प्रोग्रॅम एकाच अॅड्रेस स्पेसमध्ये नांदतात, म्हणून थेट देवाणघेवाण शक्य होते. सोय मोठी, म्हणून जोखीमही मोठी.

या कोठाराचे दरवाजे दोन. पहिला टीएसओचा, त्याचे नाव आयकेजे-सीटी-४४१. त्याला काय करायचे याचा संकेतांक, व्हेरिएबलच्या नावाचा पत्ता आणि लांबी, किमतीचा पत्ता आणि लांबी, आणि एक टोकन इतक्या गोष्टी द्यायच्या. याचा फायदा असा की बोलावणारा सी-लिस्ट असो वा रेक्स, दोन्हींशी तो चालतो. जिथे जुन्या सी-लिस्ट अजून जिवंत आहेत तिथे हाच दरवाजा योग्य. दुसरा दरवाजा फक्त रेक्ससाठी: आयआरएक्स-एक्सकॉम. व्हीएमवर याचाच भाऊ ‘एक्झेक-कॉम’ या नावाने आधीपासून होता.  

आयआरएक्स-एक्सकॉमशी बोलायचे ते ३२ बाइटच्या एका खंडातून. त्याला एसएचव्ही ब्लॉक म्हणतात. बँकेच्या काउंटरवरची छापील स्लिप भरावी तसा तो भरायचा असतो. पहिल्या चार बाइटांत पुढच्या स्लिपचा पत्ता, म्हणजे एका फेरीत अनेक व्हेरिएबल्स मागता येतात. मग वापरकर्त्यासाठी चार बाइट, एका बाइटमध्ये कामाचे अक्षर, एका बाइटमध्ये परत येणारा शेरा, दोन बाइट रिकामे, आणि पुढे पाच पूर्ण शब्द: बफरची लांबी, नावाचा पत्ता, नावाची लांबी, किमतीचा पत्ता, किमतीची लांबी.

कामाच्या अक्षरात एक बारकावा आहे. मोठा ‘एफ’ लिहिला तर व्हेरिएबल थेट शोधले जाते: नाव जसे दिले तसेच, अक्षरे मोठी करणे नाही, नावातल्या टिंबानंतरच्या शेपटीतल्या व्हेरिएबलची किंमत घालणे नाही. लहान ‘एफ’ लिहिला तर रेक्स स्वतः जशी नावे वाचते तसे वाचले जाते. रेक्समध्ये ‘आय’ची किंमत ३ असेल आणि असेम्ब्लरने ‘फाईल-टिंब-आय’ मागितले, तर लहान एफ तिसरी फाईल आणून देईल. मोठा एफ ‘आय’ हीच शेपटी समजून दुसरीकडे जाईल. ठेवण्यासाठी ‘एस’, काढून टाकण्यासाठी ‘डी’, यांनाही असेच मोठे-लहान रूप आहे. सगळी व्हेरिएबल्स एकामागून एक मागवायची असतील तर ‘एन’. त्यात क्रमाची हमी नाही.

आता तो परत येणारा शेरा पाहू. त्या एका बाइटचा प्रत्येक बिट वेगळे सांगतो: हे व्हेरिएबल आधी अस्तित्वात नव्हते; ही शेवटची नोंद होती; किंमत बफरमध्ये मावली नाही म्हणून कापली; नाव अवैध आहे; किंमत फार लांब आहे; कामाचे अक्षरच चुकले आहे. सुरुवातीच्या एकवीस लाखांच्या वेळी पहिला बिट लागलेला होता. रेक्सने सांगितले होते की असे व्हेरिएबल नाही. ऐकायला कोणी थांबले नाही. आणि यात एक खाच आहे. काम संपल्यावर रजिस्टर १५ मध्ये जो एकत्रित निकाल येतो, त्यात ‘नवे व्हेरिएबल’ हा शेरा धरला जात नाही. नवे व्हेरिएबल ही रेक्सच्या दृष्टीने चूक नव्हेच. त्यामुळे रजिस्टर १५ मध्ये शून्य पाहून पुढे जाणारा प्रोग्रॅमर नियमाने वागत असतो, तरीही फसतो. शेरा प्रत्येक स्लिपवर वेगळा पाहावा लागतो.

फसण्याच्या आणखी जागा पाहण्यासारख्या आहेत, कारण मॅक्रो नेमके कशासाठी हवे ते त्यातूनच कळते.

लांबीपासून सुरुवात करू. बफर दहा बाइटचा आणि किंमत पंचवीस अक्षरांची असेल तर दहाच अक्षरे येतात, पण किमतीच्या लांबीच्या रकान्यात मूळ पंचवीस हा आकडा येतो. तेवढे बाइट पुढे हलवणारा प्रोग्रॅम बफरच्या पलीकडचा शेजारचा मजकूर उचलतो. उलट टोकाला रिकामी अक्षरमाला. रेक्समध्ये शून्य लांबीची किंमत अगदी वैध आहे. असेम्ब्लरमध्ये अक्षरे हलवणाऱ्या आज्ञेत लांबी एकाने कमी करून लिहितात. शून्यातून एक गेला की उणे एक, आणि त्याचा शेवटचा बाइट २५५. आज्ञा इमानाने २५६ बाइट हलवते आणि जे वाटेत येईल ते पुसते. ही चूक शोधायला दिवस लागतात, कारण नुकसान एका जागी होते आणि प्रोग्रॅम दुसऱ्याच जागी पडतो.

मग आकडे. रेक्सने ‘१,२५०’ असा स्वल्पविरामासह मजकूर ठेवला असेल, तर स्वल्पविरामाचा उजवा अर्धा भाग ‘बी’, तो अंक नव्हे. पॅक तो मुकाट्याने घेते, पण पुढची रूपांतराची आज्ञा अडते आणि प्रोग्रॅम मेनफ्रेमवाल्यांच्या ओळखीच्या ‘सॉक सेव्हन’ या कारणाने कोसळतो. ‘१२५’च्या मागे एक मोकळी जागा राहिली तरी तेच, कारण शेवटच्या बाइटचा डावा भाग चिन्ह धरायचा आणि मोकळ्या जागेचा डावा भाग ४ आहे, तो चिन्ह होऊ शकत नाही. हे कोसळणे बरे, निदान कळते तरी. ‘-१२५’चे काय होते पाहा. एब्सिडिकमध्ये वजाचे चिन्ह म्हणजे ६-०. उजवा भाग शून्य. झाले: उणे एकशे पंचवीसचे अधिक एकशे पंचवीस. कर्ज असलेल्या खात्यावर शिल्लक दिसू लागते. ‘१ई३’ हा रेक्सच्या दृष्टीने हजार, पॅकच्या दृष्टीने १५३.

घातांकाचे रूप कोण मुद्दाम लिहील, असे वाटेल. लिहावे लागत नाही. रेक्सचा हिशेब मुळात नऊ अंकांपुरता असतो. पन्नास कोटींत पन्नास कोटी मिळवले की बेरजेला दहा अंक लागतात आणि रेक्स उत्तर घातांकात देते, दशांश टिंब आणि ‘ई’ यांसह. अंकांची मर्यादा वाढवणे ही एका ओळीची गोष्ट आहे, पण ती ओळ रेक्स प्रोग्रॅममध्ये लिहावी लागते आणि असेम्ब्लर लिहिणाऱ्याच्या हातात ती नसते. शंभर कोटींची बेरीज आपल्याकडच्या कोणत्याही बँकेत रोज होते.

उलट दिशेलाही काटे आहेत. असेम्ब्लरच्या पॅक केलेल्या रकान्यात १२५० आहेत. ‘अनपॅक’ने त्याची अक्षरे केली की शेवटच्या बाइटमध्ये चिन्ह तसेच चिकटून राहते आणि रेक्सला मिळते ‘१२५’ व त्यापुढे महिरपी कंस. रक्कम १२५१ असेल तर ‘१२५’ आणि ‘ए’. रेक्स त्यात काही मिळवायला गेली की अंकगणिती चूक क्रमांक ४१ देऊन थांबते. अनुभवी माणूस शेवटच्या बाइटचा डावा भाग एका आज्ञेने दुरुस्त करतो, आणि रक्कम उणे असेल तर वजाचे चिन्ह स्वतः पुढे लावतो. दुसरी गोष्ट विसरणारे पहिलीपेक्षा जास्त.

हे सगळे प्रत्येकाने, प्रत्येक प्रोग्रॅममध्ये, प्रत्येक व्हेरिएबलसाठी लक्षात ठेवावे अशी अपेक्षा करणे चूक आहे. चांगल्या प्रोग्रॅमरलाही पंधराव्या व्हेरिएबलपाशी कंटाळा येतो. मॅक्रो इथे येतो.

असेम्ब्लरमध्ये मॅक्रो म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅम. १९५९ मध्ये बेल लॅब्जमध्ये डग्लस ईस्टवूड आणि डग्लस मॅकिलरॉय यांनी आयबीएम ७०४ यंत्राच्या प्रचलित असेम्ब्लरला अटी घालता येतील आणि स्वतःला बोलावता येईल असे मॅक्रो जोडले. पुढच्याच वर्षी मॅकिलरॉय यांचा याच विषयावरचा निबंध प्रसिद्ध झाला. सिस्टिम/३६०च्या असेम्ब्लरने ही कल्पना पोटात घेतली आणि १९९२च्या हाय लेव्हल असेम्ब्लरमध्ये ती आणखी समृद्ध झाली. असेम्ब्लर चालू असताना मॅक्रो अटी तपासतो, फेऱ्या मारतो, अक्षरे जोडतो आणि त्यातून खऱ्या आज्ञांच्या ओळी तयार करतो. असेम्ब्लरने छापलेल्या यादीत अशा ओळींपुढे अधिकचे चिन्ह असते.

समजा, एका कार्यालयात ‘गेटव्हार’ नावाचा मॅक्रो आहे. प्रोग्रॅमर एकच ओळ लिहितो: गेटव्हार, पुढे रेक्समधले नाव ‘बॅलन्स’, पुढे आपल्या रकान्याचे नाव ‘रक्कम’. मॅक्रो नावाची अक्षरे मोजतो, म्हणजे लांबी हाताने लिहायला नको आणि नाव बदलले की ती चुकायलाही नको. मॅक्रो ‘रक्कम’ या रकान्याचा प्रकार विचारतो. अक्षरांचा आहे, पॅक केलेला आहे, की पूर्ण शब्दाचा पूर्णांक? त्याची जाहीर लांबीही विचारतो. मग त्या प्रकाराला साजेशा आज्ञा तयार करतो. अक्षरांचा असेल तर उरलेली जागा मोकळ्या जागांनी भरणे. पॅक केलेला असेल तर आधी मागचापुढचा मोकळा भाग छाटणे, चिन्ह वेगळे काढणे, उरलेला प्रत्येक बाइट अंकच आहे ना ते तपासणे, आणि मगच पॅक. रकान्याचा प्रकारच समजला नाही तर तो एम-नोट या आज्ञेने चूक नोंदवतो आणि प्रोग्रॅम तयारच होऊ देत नाही.

मॅक्रोचे खरे मोल इथे आहे, आणि ते टंकलेखन वाचवण्यात नाही. हेच काम एखाद्या सामायिक सबरूटीनला दिले असते तर? सबरूटीनला चालू वेळी मिळतो फक्त पत्ता. त्या पत्त्यावर पॅक केलेली रक्कम आहे की नुसती अक्षरे, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. बोलावणाऱ्याने सांगितले तर कळेल, आणि त्याने चुकीचे सांगितले तर ती चुकीचेच करेल. रकान्याची जाहीर केलेली माहिती फक्त असेम्ब्लरपाशी असते आणि मॅक्रो तिथेच उभा असतो. रेक्सकडे प्रकार नाहीत, यंत्राकडे प्रकार नाहीत. या दोघांच्या मध्ये प्रकार माहीत असलेला मॅक्रो एकटाच.

तरीही सगळे काम मॅक्रोने त्याच जागी ओतणे शहाणपणाचे नाही. चाळीस ठिकाणी गेटव्हार लिहिले की अंक तपासणाऱ्या आज्ञांच्या चाळीस प्रती होतात, प्रोग्रॅम फुगतो आणि एक दुरुस्ती करायची तर सगळे पुन्हा असेम्बल करावे लागते. जाणकार माणसे काम वाटून देतात. मॅक्रो नाव, लांबी आणि प्रकार गोळा करतो, ३२ बाइटची स्लिप भरतो, स्लिपांची साखळी जोडतो. बाकीची मेहनत एका सामायिक सबरूटीनवर सोपवतो. त्यामुळे वीस व्हेरिएबल्स एकाच फेरीत आणता येतात. आणि शेरा? तो तपासायला मॅक्रोने सांगितलेच पाहिजे. व्हेरिएबल न भरलेले असेल तर कुठे जायचे, त्या ओळीचे नाव दिल्याशिवाय मॅक्रो विस्तारच पावणार नाही, असा नियम घालता येतो. हा नियम ज्या मॅक्रोत आहे तो चांगला मॅक्रो. ज्यात नाही तो कितीही चतुराईने लिहिलेला असो, अपुराच आहे.

मॅक्रोविरुद्धचा एक आक्षेप मान्य करावाच लागतो. तो काय करतो ते झाकले जाते. नव्या माणसाला गेटव्हारची एक ओळ दिसते आणि मागच्या तीस ओळी दिसत नाहीत. त्यावर उपाय असेम्ब्लरमध्येच आहे: छपाईचा पर्याय चालू ठेवला की विस्तारलेली प्रत्येक ओळ यादीत येते. एखाद्या तयार लायब्ररीच्या पोटात काय आहे ते इतक्या सहज दिसत नाही. नव्याने मेनफ्रेम शिकणाऱ्याने महिनाभर तरी मॅक्रोंचे विस्तार उघडून वाचावेत. त्यातून जितके शिकता येते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून.

हे मॅक्रो हातोहात पसरले. ‘शेअर’ ही संघटना १९५५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या आयबीएम ७०४च्या ग्राहकांनी स्थापन केली ती प्रोग्रॅम एकमेकांना देण्यासाठीच. पुढे अमेरिकेतल्या कनेक्टिकट बँक अँड ट्रस्ट कंपनीतून सुरू झालेल्या आणि तिच्याच आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या सीबीटी टेपवर मेनफ्रेमवाल्यांनी आपली उपयोगी हत्यारे सर्वांसाठी मोकळी केली, आणि तो संग्रह बँक गेल्यावरही चालू राहिला. एसएचव्ही ब्लॉकची कल्पनाही मेनफ्रेमपुरती राहिली नाही. ओएस/२ वर रेक्स आली तेव्हा तिथल्या सी भाषेतल्या प्रोग्रॅमना व्हेरिएबल्स मिळाली ती याच नावाच्या, याच घडणीच्या खंडातून, आणि आजच्या ओपन ऑब्जेक्ट रेक्समध्येही त्याच वंशाची रचना आहे.

मराठी माणसाचा या कामाशी संबंध आला तो उशिरा, पण जोरात. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली आणि १९९२ मध्ये टाटांबरोबरच्या भागीदारीतून परत आली. त्यानंतर लगेचच इसवी सन २००० चा प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात बसून मराठी मुलामुलींनी परदेशी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या कोबोल आणि असेम्ब्लर प्रोग्रॅममधली दोन अंकी वर्षे चार अंकी केली. अनेकांनी त्या निमित्ताने पहिल्यांदा रेक्स लिहिली, दुसऱ्यांचे मॅक्रो उघडले, ते का तसे लिहिले आहेत हे रात्री जागून शोधले. त्या पिढीतले बरेच जण आता निवृत्त होत आहेत.

कोणता शेरा का तपासायचा, शून्य लांबीला वेगळी वाट का, वजाचे चिन्ह आधी का काढायचे, हे त्यांना ठाऊक आहे. प्रत्येक तपासणीमागे कधीतरी पडलेला एक प्रोग्रॅम आहे. मॅक्रोत ती तपासणी शिल्लक असते, कारण मात्र लिहिलेले नसते. आणि कारण न कळलेली तपासणी पुढचा माणूस वेग वाढवण्यासाठी काढून टाकतो. मॅक्रोमध्ये टिपा दोन प्रकारे लिहिता येतात. टिंब आणि तारा यांनी सुरू होणारी टीप फक्त मॅक्रोच्या मूळ फाईलमध्ये राहते. नुसत्या ताऱ्याने सुरू होणारी टीप विस्ताराबरोबर प्रत्येक यादीत छापली जाते. ज्यांच्याकडे असे मॅक्रो आहेत त्यांनी आपल्या प्रत्येक तपासणीच्या वर, नुसत्या ताऱ्याने सुरू होणाऱ्या दोन ओळींत, ती कोणत्या प्रसंगातून आली ते लिहून ठेवावे, आणि हे काम निवृत्तीच्या आधी करावे.